मायक्रोवेव्हचा आतला रंग

‘टॉर्च जरा डावीकडे,’ मी म्हणालो. माझं डोकं जवळजवळ मायक्रोवेव्हच्या आत होतं. आवाज डब्यातून आल्यासारखा येत होता.

‘आमच्या डेपोत मेकॅनिक गाडीखाली शिरायचे ते असेच,’ अच्युतराव म्हणाले. ‘नुसते पाय बाहेर. एकदा एक जण तिथेच झोपला, आणि आम्ही आपले अर्धा तास म्हणतोय, काय मन लावून काम करतोय बघा!’

मी हसलो, आणि हात हलला. पॉलिश पेपर नको तिथे घासला गेला. डाव्या भिंतीवर, काचेच्या ताटलीपासून दोनेक बोटं वर, रुपयाएवढा काळा डाग होता. मध्यभागी रंग पूर्ण उडून पत्रा दिसत होता, कडेने रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि त्यांच्याखाली तांबूस गंज धरला होता. मी कड घासत होतो. कड अशी गुळगुळीत व्हायला हवी होती की अंगठा फिरवला तर पत्रा कुठे संपतो आणि रंग कुठे सुरू होतो ते कळू नये. असं मी वाचलं होतं.

‘डाग पूर्ण जाईल ना रे?’ अच्युतरावांनी विचारलं.

‘हा नुसता डाग नाही. उघडा पत्रा राहिला की तिथेच पुन्हा ठिणगी पडते.’

‘ते झालंच. पण दिसायला काही राहणार नाही ना?’

‘नीट जमलं तर नाही.’

‘मग जमव बाबा नीट.’

त्यांच्या आवाजात काळजी होती. ती माझ्यासाठी आहे असं मी धरून चाललो.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी बहात्तर वर्षांचा होतो आणि सांगलीत आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटा राहत होतो. नलिनी, माझी पत्नी, जाऊन चार वर्षं झाली होती. समोरचं दार अच्युतराव भोसेकरांचं. ते एस.टी.तून निवृत्त झालेले, मी छापखान्यातून. तीस वर्षांचा शेजार. ते मला ‘अरे नरहर’ म्हणत. माझ्या तोंडून मात्र ‘अहो अच्युतराव’ यापलीकडे कधी काही निघालं नाही. ते चारचौघांत मोकळेपणाने बोलत, मी एकट्यातही विचार करून बोलतो. तरी संध्याकाळी जिन्याच्या खिडकीशी आम्ही दोघं उभे असायचो, आणि मला तेवढं पुरे होतं.

त्या दिवाळीच्या आधी एक गोष्ट घडली होती. मी गॅसवर दूध ठेवलं आणि पुस्तक उघडलं. दूध उतू जाऊन ज्योत विझली, गॅस तसाच येत राहिला. वास अच्युतरावांना आला. धावत येऊन त्यांनी रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या. चूक माझी होती, त्यात शंका नाही. पुण्याहून माझा मुलगा पराग आला आणि शेगडी, सिलिंडर दोन्ही काढून घेऊन गेला. जेवणाचा डबा लावून दिला. एक किल्ली अच्युतरावांकडे ठेवली. ‘काका, कधी लागली तर असू दे.’ आणि मला म्हणाला, ‘बाबा, डबा मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचा, चहाही त्यातच. हे नीट चाललं तर तुम्ही खुशाल इथे राहा. पण पुन्हा काही झालं, तर मग मी ऐकणार नाही. पुण्याला यायचं.’

मला पुण्याला जायचं नव्हतं. परागचं घर मोठं आहे, सून चांगली आहे. पण सांगलीत माझं वाचनालय होतं, शुक्रवारची माझी ठरलेली खुर्ची होती. आणि घरात नलिनीचं अक्षर होतं. मायक्रोवेव्ह तिनेच हौसेने घेतलेला. त्याच्या दारावर तिने एक कागद चिकटवला होता: ‘दूध दीड मिनिट. भात दोन. पापड एक, उलटून अर्धा. स्टील नाही. मुळीच नाही.’ ‘मुळीच’खाली दोन रेघा. त्या माझ्यासाठी होत्या.

फेब्रुवारीच्या वीस तारखेला, शुक्रवारी, मी तीन वाजता वाचनालयात गेलो आणि पाचला परतलो. दार उघडताच जळका वास आला. मायक्रोवेव्ह बंद होता. दार उघडून पाहिलं तर डाव्या भिंतीवर तो काळा डाग, आणि उजवीकडचा, लहरी आत येतात त्या भोकावरचा अभ्रकाचा पातळ पत्रा करपून तडकलेला.

मी तिथेच उभा होतो, तेवढ्यात अच्युतराव आले. दार मी उघडंच टाकलं होतं.

‘काय रे, कसला वास?’ त्यांनी आत डोकावलं. ‘अरेरे. स्टीलची वाटी ठेवली असशील.’

‘मी? मी तर दुपारी...’ जेवल्यावर काय केलं ते खरंच नीट आठवत नव्हतं. रोज जे करतो ते कुणाला आठवतं? ‘मला आठवत नाही, अच्युतराव.’

‘तेच तर,’ ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘होतं रे असं. परागला मी काही सांगत नाही. तूच सांग.’

मीच सांगितलं. फोनवर.

‘बाबा, आत काय ठेवलं होतंत?’

‘वाटी. स्टीलची.’

‘अहो, आईने दारावर लिहून ठेवलंय.’

‘हो.’

‘आणि ठेवल्याचं आठवतंय तुम्हाला?’

नाही म्हणालो तर डोकं चालेनासं झालं असं ठरणार होतं. हो म्हणालो तर नुसता निष्काळजीपणा. मी निष्काळजीपणा पत्करला.

‘आठवतंय,’ मी म्हणालो.

पुढची गोष्ट सांगताना आजही लाज वाटते. दोन-तीन दिवसांत मला ते खरंच आठवू लागलं. डब्यातली उरलेली उसळ. ती काढून ठेवली ती आमची गोल बुडाची वाटी. बटण फिरवलं, मग उन्हासाठी छत्री शोधायला आत गेलो, छत्री सापडल्यावर तसाच बाहेर पडलो. सगळं चित्र डोळ्यांपुढे उभं राहायचं. वाटी परत मांडणीत कशी गेली, तेवढंच त्यात बसत नव्हतं. मी म्हणायचो, तेही विसरलो असेन.

पराग म्हणाला, ‘आठ मार्चला रविवार आहे. मी येतो. मग बसून ठरवू.’

म्हणजे माझ्याकडे पंधरा दिवस होते.

दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने टॉर्च मारला आणि मान हलवली. ‘आजोबा, आतला रंग गेलाय. धातूचं भांडं भिंतीजवळ आलं की असं होतं. नवा घ्या.’

‘रंग परत देता येत नाही?’

‘देतात काही लोक. त्याचा वेगळा रंग मिळतो. पण कोण एवढं करत बसतं?’

मी बसलो. आयुष्यात मी दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचण्यापलीकडे काही केलेलं नाही, पण वाचायला सांगितलं की मी वाचतो. वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर चार दिवस याच विषयावर जे सापडेल ते वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं. मागचं झाकण उघडायचं नाही. वायर काढून ठेवायची. आतला तेलकटपणा धुवायचा, कोरडं करायचं, गंज घासायचा, कड उतरती करायची. साधा रंग चालत नाही, मायक्रोवेव्हच्या आतलाच लागतो. थर पातळ. दोन थरांमध्ये चार तास. शेवटच्या थरानंतर घाई करायची नाही. रंगाची बाटली कुरिअरने आली. नेलपॉलिशच्या बाटलीपेक्षा थोडी मोठी, झाकणालाच ब्रश. अभ्रकाचा पत्रा मुख्य रस्त्यावरच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळाला. जुना करपलेला पत्रा वर ठेवून मी नवा कात्रीने कापला. जुना टाकला नाही. नवा पुन्हा तुटला तर माप असावं म्हणून टेबलाच्या खणात ठेवला.

मंगळवारी घासलं, बुधवारी रंग दिला. दोन्ही दिवस अच्युतराव दुपारी टॉर्च धरायला आले. मी पट्टी चिकटवून चौकोन आखला होता.

‘छापखान्यात असाच काम करायचास काय रे? मग एक पुस्तक निघायला वर्ष लागत असेल,’ ते म्हणाले.

‘लागायचं.’

‘आमची गाडी पाच मिनिटं उशिरा सुटली तर लोक कंट्रोलरच्या अंगावर यायचे. तुमचं बरंय, पुस्तक उशिरा आलं म्हणून कुणी भांडायला येत नाही.’

‘यायचे. लेखक यायचे.’

ते खदखदून हसले. टॉर्च हलला. मी थांबलो, उजेड स्थिर होईपर्यंत ब्रश हवेत धरून राहिलो. मला ती दुपार फार बरी वाटत होती. आपल्या अडचणीत कुणी उजेड धरून उभं आहे, याचं सुख वेगळंच असतं.

मध्येच मी विचारलं, ‘अच्युतराव, त्या दिवशी तुम्ही घरीच होता. मी कुठे गोंधळलेलो दिसलो का? जाताना?’

‘मी झोपलो होतो रे. जेवल्यावर गोळी घेतो ना.’

‘किल्ली तुमच्याकडे असते, म्हणून म्हटलं. निदान तुम्हाला वास तरी...’

‘ती किल्ली?’ त्यांनी हात झटकला. ‘ती देव्हाऱ्याच्या खणात पडलीय. परागने दिली त्या दिवसापासून हातसुद्धा लावलेला नाही.’

तिसरा थर देऊन मी मायक्रोवेव्हचं दार उघडं ठेवलं. रविवारपर्यंत त्याला हात लावला नाही. दिवसातून पाच-सहा वेळा मात्र आत पाहून यायचो.

रविवारी दहाला पराग आला. मायक्रोवेव्ह बंद, शेगडी नाही अशा घरात चहा कसा करायचा म्हणून अच्युतरावांची सून सुचेता किटलीतून चहा घेऊन आली. अच्युतरावही आले. मी सगळ्यांसमोर काचेच्या पेल्यात पाणी ओतलं, आत ठेवलं, दीड मिनिटावर लावलं आणि दारातून पाहत राहिलो. ताटली फिरत होती. ठिणगी नाही, वास नाही. घंटी वाजली. पाण्यातून वाफ येत होती.

परागने आत हात घालून भिंत चाचपली.

‘बाबा, हे तुम्ही केलंत? डाग कुठे होता तेसुद्धा कळत नाही.’

‘तीन थर दिलेत,’ मी म्हणालो.

‘काय बोलू आता!’ तो हसला, आणि त्या क्षणी मला वाटलं, मी राहिलो इथे. मग तो खुर्चीवर बसला आणि समोर पाहून म्हणाला, ‘काका, तुम्ही रोज बघता यांना. खरं सांगा. यांनी इथे एकटं राहणं बरोबर आहे का? तुम्ही म्हणाल तसं करतो.’

अच्युतरावांनी कपातला चहा ढवळला. त्यात साखर नव्हती, ढवळण्यासारखं काही नव्हतं.

‘नरहर मला भावासारखा आहे,’ ते म्हणाले.

‘पण?’

त्यांनी सुचेताकडे पाहिलं. ती कपबश्या गोळा करत होती.

‘पण विसरतो रे. गॅसचं तुला माहीतच आहे. आणि आता ही वाटी. ठेवली त्याने, आणि मला म्हणतो आठवत नाही. उद्या मी घरी नसलो, मग?’

पराग माझ्याकडे वळला. ‘तुम्ही तर म्हणालात आठवतंय.’

मी मायक्रोवेव्हचं दार लावलं.

‘चालायचंच हो वयोमानाने,’ सुचेता म्हणाली. ‘आमच्या बाबांचंच बघा ना. डॉक्टरांनी गोड बंद केलंय, तर मला शिऱ्याच्या डब्यालासुद्धा कुलूप लावावं लागतं!’

सगळे हसले. अच्युतराव सर्वांत मोठ्याने.

मी भांडलो नाही. चाळीस वर्षं मी मुद्रितं तपासली. आमच्या धंद्यात एक रीत होती, स्वतः वाचलेलं पान स्वतः पास करायचं नाही. आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही, ती दुसऱ्याने वाचायची आणि त्याने खूण केली की मान्य करायची. अच्युतराव माझे दुसरे वाचणारे होते. त्यांनी खूण केली होती.

‘मग महिनाअखेरीला गाडी घेऊन येतो,’ पराग म्हणाला.

‘बरं,’ मी म्हणालो.

निघायच्या आदल्या दिवशी पुस्तकं खोक्यांत भरून झाली होती. दुपारी चारच्या सुमाराला सुचेता स्टीलच्या वाटीत गाजराचा हलवा घेऊन आली.

‘काका, उद्या गडबडीत काही देता येणार नाही. खाऊन घ्या. गरम नाहीये, हवा तर तुमच्या त्या रंगवलेल्यात करा.’ ती हसली. ‘पण वाटी काढा हं आधी!’

‘काढतो,’ मीही हसलो.

‘वाटीची घाई नाही. तशीही खराब झालीय ती. नवीकोरी हो! माझ्या भाच्याच्या बारशाला वाटलेली. कडेला कुठे जळली देव जाणे. बाबांना विचारलं तर म्हणतात, मला काय ठाऊक. आणि आमच्याकडे बाबांना मी ओट्याजवळ फिरकूसुद्धा देत नाही.’

ती गेली. मी हलवा बशीत काढला आणि वाटी धुतली. भांड्यावर घातलेलं नाव वाचायची मला सवय आहे. छापलेलं असो की कोरलेलं, अक्षर दिसलं की डोळा जातो. पोटावर बारीक ठिपक्यांत कोरलं होतं: ‘चि. अद्वैत याचे बारसे, ता. ८ फेब्रुवारी.’ वर्षही होतं, तेच चालू वर्ष. मग मी वाटी फिरवली. काठावर एका जागी स्टील वितळून काळा मणी झाला होता. मण्याला पांढुरकं काही चिकटलेलं होतं. नखाने खरवडलं, तर तो रंगाचा पापुद्रा निघाला. तो रंग मला चांगला ओळखता येत होता. त्या मंगळवारी मी तोच घासला होता.

मी मायक्रोवेव्हची वायर काढली. दार उघडून वाटी काचेच्या ताटलीवर ठेवली आणि डाव्या भिंतीकडे सरकवली. मणी बरोबर त्या जागेसमोर आला. जागा रंगाखाली गेली होती, पण माझ्या अंगठ्याला ती पाठ होती.

मी खोक्यावर बसलो. ‘वाटी’ हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा कुणी काढला ते आठवलं. दुरुस्तीवाला भांडं म्हणाला होता. मग मी माझ्या आठवणीतली वाटी पाहायचा प्रयत्न केला, उसळ, छत्री, फिरवलेलं बटण. सगळं अजून तितकंच स्पष्ट दिसत होतं. त्यातलं काहीही घडलेलं नव्हतं. दुसऱ्याची चूक मी स्वतःच्या डोक्यात इतकी सुबक रंगवून ठेवली होती की कड कुठे लागत नव्हती.

वाटी परत करायची होती. शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. नलिनी होती तोवर तिने त्या घरची वाटी कधी रिकामी दिली नाही. काही नसलं तर चमचाभर साखर घालायची. माझ्याकडे डब्याच्या तळाशी थोडी साखर उरली होती. ती घातली. मग टेबलाचा खण उघडला. त्यात अभ्रकाचा तो जुना, करपलेला तुकडा होता. तो साखरेवर ठेवला.

दार अच्युतरावांनीच उघडलं.

‘ये की रे. झालं का सामान?’

‘वाटी द्यायची होती.’

त्यांनी हात पुढे केला आणि आत पाहिलं. तुकडा पाहिला, मग वाटीचा काठ. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, ते जागच्या जागी राहिलं आणि बाकीचा चेहरा मागे सरला.

‘शिरा होता थोडा,’ ते पुटपुटले. ‘गरम करायला म्हणून... मला काय माहीत रे, एवढा जाळ होईल.’

मी वाटी त्यांच्या हातात ठेवली.

‘दुसऱ्या दिवशी सांगणार होतो. मग तूच म्हणालास, मी ठेवली. तूच कबूल केलंस की रे.’

‘त्या रविवारी परागने विचारलं तुम्हाला,’ मी म्हणालो. ‘तुम्ही म्हणाल तसं करतो म्हणाला.’

‘हळू,’ त्यांनी मागे पाहिलं. ‘सुचेता आत आहे.’

‘माहीत आहे,’ मी म्हणालो. माझाही आवाज आपोआप खाली गेला होता.

‘बाबा, कोण आहे?’ आतून सुचेताने विचारलं. त्यांनी झटकन तो तुकडा मुठीत घेतला.

‘नरहर आहे. वाटी द्यायला आलाय.’

‘काका, रिकामी दिली असतीत तरी चाललं असतं हो!’

अच्युतराव माझ्याकडे पाहत राहिले. मी एक वाक्य बोलायचं होतं, आणि दार उघडं होतं. पराग उद्या सकाळी यायचा होता, खोकी पुन्हा सोडता आली असती. तीस वर्षांत ह्या दारात माझा आवाज कधी चढला नव्हता. तो कसा चढवतात, ते मला येत नव्हतं.

‘साखर आहे,’ मी आत ऐकू जाईल असं म्हणालो.

‘बाबा, तुम्ही हात लावू नका हं तिला!’

‘नाही गं,’ ते म्हणाले.

मी वळलो. मग आठवलं, तसा पुन्हा त्यांच्याकडे तोंड केलं.

‘किल्ली तेवढी द्या,’ मी म्हणालो. ‘परागला दोन्ही लागतील.’

त्यासाठी त्यांना देव्हाऱ्यापर्यंत जावं लागलं नाही. सदऱ्याच्या खिशात हात घातला, आणि माझी किल्ली काढून दिली.